राजगृह : एका कौटुंबिक बंगल्याचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

खानदेशात मोठ्या घराचा विषय निघाला की प्रथम गढी आठवते आणि त्यानंतर वाडा. शहादा तालुक्यातील सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या यात्रेला आणि तेथील प्रसिद्ध घोडेबाजाराला जाणारा प्रवासी तापीच्या खोऱ्यातील अनेक गावांमधून जातो. त्याला ठिकठिकाणी मातीची धाब्याची घरे, क्वचित एखादा चौसोपी वाडा आणि कोठे पडक्या गढीचे पांढरे टेकाड दिसते. गढी व वाडा यांच्या इतिहासाला साधने असतात. वतनाच्या सनदा, इनामाचे कागद, वंशावळी आणि जमाखर्चाच्या वह्या यांच्या आधारे ते घर कोणी बांधले व कोणत्या अधिकाराने बांधले हे सांगता येते. त्यामुळे घराचा इतिहास हा बहुधा सत्तेचा आणि वतनाचा इतिहास होऊन बसतो.

परंतु ज्यांना वतन नव्हते, किंवा ज्यांचे वतनच गुलामगिरीचे साधन होते, त्यांच्या घरांचा इतिहास कोणत्या कागदांवरून लिहावयाचा? गावकुसाबाहेर राहण्याची सक्ती असलेल्या समाजातील एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या कमाईवर शहरात बंगला बांधला, तर त्या घटनेचे ऐतिहासिक मोल कसे ठरवावयाचे? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात मुंबईतील दादर येथील 'राजगृह' या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या निवासस्थानाची निवड केली आहे. हे घर मुंबईत असले तरी त्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा खानदेशातून जातो. तो धागा या प्रदेशातील अभ्यासकांनी जाणीवपूर्वक जपला पाहिजे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) 'राजगृह' या वास्तूच्या उभारणीची सामाजिक व आर्थिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) वास्तूची अंतर्गत रचना व तिच्या मालकाचे बौद्धिक जीवन यांतील संबंध तपासणे.
३) खासगी कौटुंबिक घराचे सार्वजनिक स्मृतिस्थळात होणारे रूपांतर आणि त्यातून निर्माण होणारे प्रश्न यांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. डॉ. आंबेडकरांचे आत्मकथनपर लेखन, त्यांच्या ग्रंथांच्या प्रस्तावना आणि प्रसिद्ध चरित्रसाधने यांतून उपलब्ध होणारी माहिती येथे 'घर' या एका सूत्राभोवती मांडली आहे.

'बंगला' ही संकल्पना

'बंगला' हा शब्द मूळ बंगाली घराच्या नावावरून आला. बंगालमधील उतरत्या छपराच्या, चहूबाजूंनी पडवी असलेल्या घराचे रूप ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी उचलले आणि पुढे छावण्यांत व सिव्हिल लाइन्समध्ये ते सर्वत्र पसरले. वाड्याचे तोंड आतील चौकाकडे असते, तर बंगला आवाराच्या मध्यभागी सुटा उभा असतो. वाडा एकत्र कुटुंबाचा व वतनाचा, तर बंगला अधिकाराचा व पगाराचा. १८१८ मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल सुरू झाल्यानंतर अधिकाऱ्यांची निवासस्थाने, डाकबंगले व जंगलातील विश्रामबंगले यांमुळे हा शब्द आपल्याकडेही रुळला. विसाव्या शतकात वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा नव्या व्यावसायिक वर्गाने शहरांतील नव्या वसाहतींत स्वतंत्र घरे बांधण्यास प्रारंभ केला, तेव्हा लोकांनी त्यांनाही 'बंगला' हेच नाव दिले. 'राजगृह' ही वास्तुशास्त्राच्या काटेकोर अर्थाने बैठी बंगली नसून बहुमजली स्वतंत्र इमारत आहे. तथापि मराठी लोकव्यवहारात तिला बंगला म्हणण्याची रूढी असल्याने येथेही तोच शब्द स्वीकारला आहे.

निवाऱ्याचा नकार : बडोदे ते चाळीसगाव

राजगृहाच्या पायाचा पहिला दगड दादरमध्ये बसला असला तरी या घराची कथा त्याआधी सुरू होते. डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडिलांच्या निवृत्तीनंतर दापोली, सातारा असा प्रवास करीत हे कुटुंब मुंबईत आले. परळच्या चाळींतील लहान खोल्यांत त्यांचे विद्यार्थिजीवन गेले. त्या खोलीत अभ्यासासाठी जागा नव्हती, परंतु डोक्यावर छप्पर होते. छप्परच नाकारले जाण्याचा अनुभव पुढे आला.

१९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील व लंडनमधील शिक्षणानंतर ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ही सेवा त्यांच्यावर बंधनकारक होती. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेरीस दररोज दीड रुपया भाडे देऊन, पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आश्रय मागितला, परंतु दोघांनीही आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. परदेशी विद्यापीठांत शिकलेल्या, संस्थानच्या सेवेत असलेल्या अधिकाऱ्यास भाड्याची खोलीसुद्धा मिळू शकत नाही, हे या घटनेने सिद्ध केले. घराचा प्रश्न केवळ पैशाचा नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरा प्रसंग आपल्या खानदेशातील आहे. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य या नात्याने डॉ. आंबेडकर या भागात आले होते. धुळे मार्गावरील एका गावातील सामाजिक बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावास परतले. तेथील महारवाड्यातील लोकांनी त्यांना रात्री मुक्कामाचा आग्रह केला होता. महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैल दूर होता आणि वाटेत नदी लागत होती. एकही टांगेवाला अस्पृश्य प्रवाशास घेऊन टांगा हाकण्यास तयार झाला नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. तेव्हा वस्तीतील एका माणसाने, त्यास सवय नसतानाही, लगाम हाती घेतला. नदीवरील फरशीच्या पुलावर चाक दगडांत अडकले आणि डॉ. आंबेडकर फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. घोडा व टांगा नदीत कोसळले.

या प्रसंगाचे मर्म केवळ अपघातात नाही. ज्या लोकांनी अगत्याने बोलावले त्यांचे घर स्थानकापासून दोन मैल दूर, नदीपलीकडे होते आणि तेथवर जाण्याचे साधन दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते. वस्ती कोठे असावी आणि तिच्यापर्यंत कोणी जावे, हे दोन्ही जातिव्यवस्था ठरवीत होती. चाळीसगावच्या या प्रसंगानंतर लवकरच, १९३० मध्ये, दादर येथे घर बांधण्याचा विचार आकार घेऊ लागला. दोन्ही घटनांमध्ये कार्यकारणसंबंध आहे असे म्हणण्यास आधार नाही, परंतु त्यांची समीपता विसरून राजगृहाचा इतिहास लिहिता येत नाही.

चाळीतून भूखंडाकडे

डॉ. आंबेडकरांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळच्या पोयबावडी भागातील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्या त्यांच्याकडे होत्या. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज याच चाळीत त्यांच्या भेटीस आले होते. महाडचा १९२७ चा संग्राम, 'बहिष्कृत भारत'चे संपादन, सायमन आयोगापुढील साक्ष या काळातील कौटुंबिक पार्श्वभूमी या दोन खोल्यांची आहे. रमाबाई आंबेडकरांनी चार अपत्यांच्या मृत्यूचे दुःख याच कालखंडात सोसले. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले.

येथे मुंबईच्या नगरविकासाचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने एका बाजूस कामगार व गरीब कुटुंबांसाठी चाळी बांधल्या आणि दुसऱ्या बाजूस दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते व आखीव भूखंड असलेली मध्यमवर्गीय वसाहत उभारली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी या तिच्याच भाग. म्हणजे डॉ. आंबेडकरांची चाळ आणि त्यांचा पुढील बंगला यांची जमीन एकाच संस्थेच्या आराखड्यांतून घडली होती. परळ ते दादर हे अंतर फार नाही. परंतु एका आराखड्यातून दुसऱ्यात जाणे म्हणजे भाडेकरूचा मालक होणे होते. अस्पृश्य गणल्या गेलेल्या माणसाच्या बाबतीत त्याला आणखी एक अर्थ होता. मुख्यतः पांढरपेशा, सुशिक्षित हिंदूंच्या वसाहतीत तो हक्काने शेजारी होणार होता. बडोद्यात जे नाव लपवावे लागले, ते येथे दारावर लागणार होते.

जमिनीच्या नव्या बाजारात सनदेऐवजी पैसा आणि करारपत्र चालत असे, ही गोष्ट येथे निर्णायक ठरली. गावात घराची जागा जात ठरवीत असे. आखीव वसाहतीत भूखंडाला क्रमांक होता, जात नव्हती. जातीचे भान शहरात नाहीसे झाले होते असे मुळीच नाही. परंतु कायदेशीर व्यवहाराचा एक दरवाजा उघडला होता आणि बॅरिस्टर आंबेडकरांनी त्यातून प्रवेश केला.

राजगृहाची उभारणी

हिंदू कॉलनीत त्यांनी ९९ व १२९ या क्रमांकांचे दोन भूखंड घेतले. १२९ क्रमांकावर स्वतःच्या निवासासाठी 'राजगृह' आणि ९९ क्रमांकावर उत्पन्नासाठी 'चार मिनार' अशा दोन इमारती उभ्या राहिल्या. राजगृहाचे काम १९३३ च्या सुमारास पूर्ण झाले आणि कुटुंब चाळीतून येथे आले. यासाठी कर्ज काढावे लागले होते. उत्पन्नाची साधने म्हणजे वकिली आणि प्राध्यापकी. वंशपरंपरेने आलेला एक रुपयाही या घरात नव्हता. पुढे कर्जफेड आणि ग्रंथखरेदी यांसाठी 'चार मिनार' विकावी लागली. खानदेशातील वाड्यांच्या इतिहासात जमीन विकून लग्न, मानपान किंवा कोर्टकज्जे केल्याची उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. येथे मात्र एक इमारत विकली गेली ती काही अंशी पुस्तकांसाठी.

बांधकामाचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९३० ते १९३२ या वर्षांत डॉ. आंबेडकर गोलमेज परिषदांसाठी वारंवार लंडनमध्ये होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. एका बाजूस कोट्यवधी लोकांच्या राजकीय प्रतिनिधित्वाचा वाद आणि दुसऱ्या बाजूस विटा, चुना व कर्जाचे हप्ते, अशा दोन आघाड्यांवर हे कुटुंब एकाच वेळी उभे होते. मालक बहुधा परगावी असताना घर उभे राहते, तेव्हा त्यामागे घरच्या माणसांचे व विश्वासू सहकाऱ्यांचे श्रम असतात. चरित्रग्रंथांत या श्रमांना थोड्या ओळी मिळाल्या आहेत.

घराचे नाव हाही एक ऐतिहासिक पुरावा आहे. राजगृह ही प्राचीन मगधाची राजधानी. राजा बिंबिसाराने बुद्धाला वेणुवन दिले ते येथेच, आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतरची पहिली धम्मसंगीती परंपरेनुसार येथेच भरली. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा या दोन्ही घटना अद्याप पुढे होत्या. त्यापूर्वीच बौद्ध इतिहासातील हे नाव दादरच्या एका घरावर आले होते. धर्मांतराच्या विचाराची पूर्वपीठिका शोधणाऱ्या अभ्यासकाने भाषणे व ग्रंथ यांच्याबरोबर ही पाटीही वाचली पाहिजे.

ग्रंथांभोवती रचलेले घर

राजगृहाच्या रचनेत निवास खालच्या मजल्यावर आणि ग्रंथालय व कार्यालय सर्वांत वरच्या मजल्यावर अशी विभागणी होती. वाड्यात वरचा मजला दिवाणखान्याचा, बैठकीचा व मानाचा असे. येथे ती जागा पुस्तकांना मिळाली. ग्रंथसंख्येचे आकडे निरनिराळे दिले जातात. काही ठिकाणी पस्तीस हजार, तर काही ठिकाणी पन्नास हजारांहून अधिक असा उल्लेख आढळतो. संख्येपेक्षा महत्त्वाचे हे की संपूर्ण वास्तूचे नियोजन ग्रंथ ठेवण्याची गरज डोळ्यांसमोर ठेवून झाले होते. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्या समाजातील माणसाने घराचा माथा ग्रंथांना द्यावा, यातील अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

या ग्रंथालयातून निर्माण झालेल्या लेखनावर घराचा ठसा आहे. 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम' (१९३९) आणि 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) या ग्रंथांच्या प्रस्तावनांखाली लेखकाने 'राजगृह, दादर' हा पत्ता नोंदविला आहे. वतनदारांच्या सनदेवर गावाचे नाव येते, तसे येथे ग्रंथाच्या प्रस्तावनेवर घराचे नाव आले. घराच्या इतिहासाची साधने शोधताना अशा नोंदी म्हणजे एक प्रकारचे दस्तऐवजच होत.

तथापि या घराला दुःखाचीही बाजू आहे. बावीस वर्षांच्या चाळीतील संसारानंतर रमाबाईंना स्वतःच्या घरात फार थोडा काळ मिळाला. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. कौटुंबिक घराचा इतिहास लिहिताना बांधणाऱ्याचे नाव पुढे येते आणि त्या घरासाठी आयुष्यभर काटकसर करणारी गृहिणी मागे राहते. राजगृहाच्या बाबतीत ही चूक होता कामा नये.

घर मिळाले, परंतु

स्वतःचा बंगला झाला म्हणून अस्पृश्यतेचा अनुभव संपला नाही. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले असता, तेथील टाक्यातील पाण्याने हातपाय धुतल्याच्या कारणावरून डॉ. आंबेडकरांना जमावाच्या रोषास तोंड द्यावे लागले. दादरमध्ये घर असणारा, विधिमहाविद्यालयात शिकविणारा बॅरिस्टर दौलताबादला पुन्हा केवळ अस्पृश्य ठरला. मालकीचे घर माणसाला चार भिंतींच्या आत सुरक्षितता देते. भिंतींबाहेरच्या समाजाला ते बदलत नाही.

खानदेशाशी मात्र याच काळात एक वेगळे नाते जुळले. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असताना डॉ. आंबेडकरांचा मुक्काम लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यात झाला. आजही दरवर्षी ३१ जुलै रोजी तेथे 'भीमस्मृती यात्रा' भरते आणि मोठ्या संख्येने लोक जमतात. १९२९ मध्ये चाळीसगावी ज्यांना टांगा हाकणारा मिळाला नाही, त्यांच्या एका मुक्कामाची आठवण त्याच खानदेशात यात्रेच्या रूपाने जपली जाते. हा बदल सरकारने केलेला नाही. तो लोकांनी आपल्या पायांनी घडविला आहे.

कौटुंबिक घर आणि सार्वजनिक स्मृती

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियुक्ती झाल्यावर डॉ. आंबेडकरांचे वास्तव्य मुख्यतः दिल्लीत राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६ अलीपूर रोड येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईस आणून राजगृहात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले आणि ७ डिसेंबर रोजी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर, आजच्या चैत्यभूमीच्या जागी, अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी एका कुटुंबाचे घर लाखो लोकांचे झाले.

त्यांच्याशी संबंधित इतर वास्तूंचा प्रवास निराळा आहे. लंडनमधील १० किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. अलीपूर रोडच्या जागी उभारलेल्या राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन एप्रिल २०१८ मध्ये झाले. महू येथेही स्मारक आहे. ही सर्व घरे भाड्याची किंवा सरकारी होती. त्यांची स्मारके झाली तेव्हा तेथे कोणी राहत नव्हते. राजगृह स्वतः बांधलेले आहे आणि आंबेडकर कुटुंबाचे ते निवासस्थान आहे. तळमजल्यावर छायाचित्रे व वापरातील वस्तूंचे वस्तुसंग्रहालय आणि वर कुटुंबाचा वावर, असे त्याचे दुहेरी रूप आहे. त्यामुळे देखभाल कोणी करावी, सुरक्षा कोणाची जबाबदारी, खासगीपणा व दर्शन यांची सीमा कोठे, असे प्रश्न येथे सतत उभे राहतात.

७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्या व काचांची तोडफोड करण्यात आली. राज्यभर संताप व्यक्त झाला, परंतु शांतता राखण्याचे आवाहन कुटुंबाकडून झाले आणि लोकांनी ते मानले. नुकसान थोडे असूनही वेदना मोठी होती. ज्याला एकेकाळी राहू दिले गेले नाही त्याच्या घरावर हात पडला, ही जुनी आठवण त्यामागे होती. त्या संतापाचे मूळ बडोद्याच्या वसतिगृहापर्यंत जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) राजगृह ही सनद, वतन किंवा वारसा यांच्याशिवाय, व्यवसायातील कमाई व कर्ज यांवर उभी राहिलेली वास्तू आहे. आधुनिक शहरातील भूखंड-व्यवहारामुळे जातिनिष्ठ वस्तीरचनेत पडलेली फट या वास्तूतून दिसते.

२) घराचे नाव, ग्रंथालयाला मिळालेले स्थान आणि ग्रंथांच्या प्रस्तावनांतील पत्ता ही इतिहासाची साधनेच आहेत. ज्यांच्याकडे दप्तर नाही त्यांच्या घरांचा इतिहास लिहिताना अशा साधनांचा शोध घ्यावा लागेल.

३) निवारा नाकारला जाण्याच्या अनुभवाशिवाय या घराचे मोल कळत नाही. म्हणून बडोदे व चाळीसगाव ही राजगृहाच्या इतिहासातील प्रकरणे मानली पाहिजेत.

४) कौटुंबिक निवास व सार्वजनिक स्मारक हे दोन्ही हक्क सांभाळणारे धोरण अशा वास्तूंसाठी आवश्यक आहे.

शेवटी आपल्या परिसराविषयी एक अपेक्षा नोंदवावीशी वाटते. तापीकाठच्या गावांतील गढ्या व वाडे यांच्या नोंदी झाल्या पाहिजेत यात शंका नाही. परंतु त्याच गावांच्या कडेला, गावकुसाबाहेर, शिकून नोकरीस लागलेल्या पहिल्या पिढीने कर्ज काढून बांधलेले पहिले पक्के घरही असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतही असे एखादे घर आढळते. ते कोणी बांधले, जागा कशी मिळाली, कोणाचा विरोध झाला, दारावर पहिली पाटी कोणत्या नावाची लागली, हे सांगू शकणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. महाविद्यालयांतील इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या मौखिक नोंदी वेळीच घेतल्या नाहीत, तर भावी अभ्यासकापुढे पुन्हा केवळ सनदाच उरतील.